शरण जाणे आणि ऐकणे : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील ईश्वरेच्छेचा विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाविषयी लिहिताना आपल्या समीक्षेने एक सोईचा सिद्धान्त फार पूर्वीच पत्करलेला दिसतो. तो असा की, ह्या वाङ्मयातील ईश्वरशरणता ही मूलतः वारकरी भक्तीच होय. उपास्याचे नाव तेवढे पालटले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगून ठेवल्यामुळे ह्या सिद्धान्ताला एक थोर साक्षीदारही लाभला. सिद्धान्त खोटा आहे असे म्हणवत नाही. पण तो अपुरा आहे. सेतूवरून निघालेला प्रवासी पलीकडच्या तीरावर उतरतो आणि तेथली वाट निराळी असू शकते, एवढी साधी गोष्ट त्यात दृष्टीआड होते. ख्रिस्ती धर्मविचारात शरणतेला आज्ञापालनाची जोड आहे, आणि आज्ञापालन म्हटले की 'कोणाची आज्ञा?' हा प्रश्न टाळता येत नाही. हा प्रश्न ज्या मराठी ग्रंथांनी जागता ठेवला ते ग्रंथ वाङ्मय म्हणूनही सरस उतरले, आणि ज्यांनी तो झोपवला ते उपदेशाच्या पातळीवर राहिले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची छाननी येथे करावयाची आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'शरण' ह्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ आश्रय, निवारा, किंबहुना घर. शरण जाणे म्हणजे आडोशाला जाणे. रणांगणावर शस्त्र खाली ठेवणारा शरण येतो तोही अभयाच्या आशेने. म्हणून मराठी भक्तिकाव्यातील शरणागतीचा स्वाभाविक शेवट विसाव्यात होतो. 'आज्ञा' हा शब्द मात्र दरबारातला. राजाचे आज्ञापत्र, गुरूची आज्ञा, आणि पुढे कचेरीतील अर्जाच्या तळाशी येणारा 'आपला आज्ञाधारक'. त्यात आपुलकी थोडी आणि अंतर फार. परंतु ह्या दोहोंपेक्षाही ख्रिस्ती कल्पनेला जवळचा असा शब्द आपल्या रोजच्या बोलीत पडून आहे, आणि तो म्हणजे 'ऐकणे'. मूल ऐकत नाही असे आई म्हणते तेव्हा ते बहिरे आहे असा तिचा भाव नसतो. बायबलच्या मूळ भाषांची रीत हीच आहे. हिब्रूतील 'शामा' म्हणजे ऐकणे आणि मानणे दोन्ही. ग्रीकमधील आज्ञापालनाचा शब्द 'हुपाकोए' हा ऐकण्याच्या धातूवरून सिद्ध झाला आहे. लॅटिन 'ओबेदिरे' ह्यातही 'औदिरे', म्हणजे ऐकणे, दडलेले आहे. शरण जाणारा घरात शिरतो. ऐकणारा बहुधा घरातून बाहेर पडतो. अब्राहामाला हाक आली ती आपला देश आणि पित्याचे घर सोडण्याची होती. मराठीतील ख्रिस्ती लेखकांना पहिली कल्पना परंपरेने आयती दिली. दुसरीसाठी त्यांना स्वतः खपावे लागले.

ही दुसरी कल्पना महाराष्ट्राच्या भूमीवर प्रथम आली ती काव्याच्या रूपाने आली नाही, व्रताच्या रूपाने आली. 1534 च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी बेट पोर्तुगीजांकडे गेले. आज ज्याला आपण मुंबईची उपनगरे म्हणतो, त्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ह्या सर्व वस्त्या त्याच बेटावरच्या. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात सोळाव्या शतकाच्या मध्याला आंतोनियु दु पोर्तु ह्या फ्रान्सिस्कन साधूने आपला मठ थाटला. शैव लेण्याचा काही भाग प्रार्थनामंदिर झाला. नटराजाचे शिल्प असलेल्या त्या लेण्यातच भिंतीवर कोरलेला क्रूस आजही पाहावयास मिळतो. ह्या मठवासीयांची व्रते तीन : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. पैकी पहिली दोन साष्टीतील कोळ्या-कुणब्यांना अपरिचित नव्हती. गोसावी-बैराग्यांत त्यांनी ती पाहिली होती. तिसरे नवे होते. गुरूची आज्ञा शिष्याने पाळावी हे ठाऊक होते. पण वरिष्ठाच्या इच्छेत ईश्वराची इच्छा ऐकावयाची, आणि तो वरिष्ठ उद्या बदलला तरी ती तशीच ऐकावयाची, ही संघटित रीत ह्या भूमीला नवी होती. अंधेरीजवळ कोंदिविट्याला जेझुइटांनी 1579 मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचे चर्च उभारले. 1840 मध्ये साथीमुळे ते ओस पडले, उपासकमंडळी मरोळला गेली, आणि त्याचे भग्नावशेष पुढे सीप्झच्या आवारात आले. ह्या योहानाचे चरित्र हेच मुळी आज्ञापालनाचे एक अवघड उदाहरण आहे : ईश्वराचे ऐकल्यामुळे त्याने राजाचे ऐकले नाही आणि शीर गमावले.

कोंदिविट्याचे चर्च उभे राहिले त्याच 1579 मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास उतरला. गोव्यातही एक साष्टी आहे. नामसाम्यामुळे दोन साष्टींचा घोटाळा जुन्या लेखनात वारंवार होतो, म्हणून येथे ते स्पष्ट केलेले बरे. स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' गोव्याच्या साष्टीतील रायतूरच्या छापखान्यातून 1616 मध्ये बाहेर पडले. पुढे 1649 आणि 1654 मध्येही ते छापले गेले, परंतु ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. आपण वाचतो तो पाठ हस्तलिखितांवरून, जोसेफ साल्डाना ह्यांच्या 1907 च्या मंगळूर आवृत्तीतून आणि शांताराम बंडेलू ह्यांच्या 1956 च्या देवनागरी आवृत्तीतून आलेला. जवळपास अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथाची भाषा, तीमधील वैकुंठ आणि मुक्ती ह्यांसारखे शब्द, ज्ञानेश्वर-एकनाथांशी असलेले नाते ह्यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिची पुनरुक्ती येथे नको.

दुर्लक्षित राहिला तो कवीचा आज्ञाविचार. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला ह्याने 1553 मध्ये पोर्तुगालमधील आपल्या बांधवांना आज्ञापालनावर एक प्रदीर्घ पत्र लिहिले. त्यात आज्ञापालनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली, सांगितलेले कृतीत आणणे. दुसरी, आपली इच्छा वरिष्ठाच्या इच्छेशी एक करणे. तिसरी, आपली बुद्धीही तिच्याशी जुळवून घेणे. ह्या पत्राचे नाव निघाले की लोकांना तिसरी पायरी आठवते आणि ते शहारतात. पण त्याच पत्रात अशीही मुभा आहे की, आपले मत निराळे असेल तर प्रार्थना करून ते वरिष्ठापुढे मांडण्यास प्रत्यवाय नाही. आज्ञापालनाच्या सर्वांत कठोर ग्रंथातही प्रश्नाला जागा ठेवलेली आहे. स्टीफन्स ह्याच शिस्तीत घडला आणि त्याच्या पुराणाची रचना प्रश्नोत्तरांची आहे. पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत असता एक ब्राह्मण पुढे होऊन प्रश्न करतो आणि पुराणाची मागणी करतो. कथा चालू असताना श्रोते शंका विचारतात, पाद्री निरसन करतो. ही पुराणपद्धती आहे हे खरेच. परंतु आदामाच्या अवज्ञेपासून ख्रिस्ताच्या मरणापर्यंत ज्या काव्याचा सारा विषय ऐकणे आणि न ऐकणे हाच आहे, त्यात श्रोत्याला तोंड दिलेले असावे, ह्याला रचनेपलीकडचा अर्थ आहे.

तथापि येथे समीक्षकाने डोळे उघडे ठेवले पाहिजेत. गोव्याच्या साष्टीतील देवळे 1567 च्या सुमारास पाडली गेली. 1583 मध्ये कुंकळ्ळीला रोदोल्फो आक्वाव्हिव्हा आणि त्याचे चार जेझुइट सहकारी मारले गेले, आणि त्यानंतर गावकऱ्यांनाही प्राणास मुकावे लागले. ज्या श्रोत्यांसाठी पुराण रचले गेले त्यांतील पुष्कळांच्या घरी ही स्मृती एका पिढीपेक्षा जुनी नव्हती. तेव्हा पुराणातील शंका ह्या प्रामाणिक असल्या तरी त्यांना एक मर्यादा आहे : कथेत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळते, आणि उत्तर मिळाल्यावर श्रोता पुन्हा विचारीत नाही. उत्तराने समाधान न झालेला श्रोता काव्यात नाही. स्टीफन्सच्या काव्यगुणांविषयी प्रस्तुत लेखकाचा आदर कोणाहून कमी नाही, पण येथे त्याच्या आज्ञाविचाराची कड संपते. ईश्वराची आज्ञा आणि ती सांगणाऱ्याची आज्ञा ह्यांत फरक पडू शकतो, हे म्हणावयास त्या काव्यात कोणी उरत नाही.

उत्तरेकडच्या साष्टी-वसईच्या ख्रिस्ती लोकांसाठी फ्रान्सिश्कु वाझ द गिमारायंश ह्या पाद्रीने रचलेले पुराण 1659 चे. त्याचा भर ख्रिस्ताच्या दुःखभोगावर आणि मरणावर आहे. भाषा त्या भागातील ख्रिस्ती समाजाच्या बोलीकडे झुकणारी आहे. काव्य म्हणून ते स्टीफन्सच्या तोडीचे नाही. पण विषयाच्या निवडीमुळे जैतुनाच्या डोंगराजवळच्या बागेतील प्रसंग त्यात आपोआप महत्त्वाचा ठरतो, आणि आपल्या विवेचनाचा तोच कणा असल्यामुळे त्याकडे वळणे भाग आहे.

गेथशेमाने बागेत ख्रिस्त प्रथम मागणी करतो की, हा प्याला टळावा. नंतर तो पित्याच्या इच्छेचा स्वीकार करतो. ह्या प्रसंगावरील प्रवचनांत दुसऱ्या वाक्याला जेवढा मान मिळतो तेवढा पहिल्याला मिळत नाही. जणू ते एक क्षणिक दौर्बल्य होते. परंतु पहिले वाक्य काढून टाकले तर दुसऱ्यात आज्ञापालन उरत नाही, उरते ते फक्त घडणे. टळावे असे ज्याला वाटलेच नाही त्याने काय स्वीकारले? लूककृत शुभवर्तमानातील मरियेची गोष्टही अशीच. देवदूताचा निरोप ऐकून ती आधी विचारते की, हे कसे होणार. मग आपण प्रभूची दासी आहोत असे म्हणून संमती देते. ह्यावर कोणी जखऱ्याचे उदाहरण पुढे करील. त्यानेही त्याच देवदूताला, त्याच अध्यायात प्रश्न केला आणि तो मुका झाला. मग प्रश्न करणे पाप की पुण्य? दोन प्रश्न शेजारी ठेवून पाहिले म्हणजे भेद उमगतो. जखऱ्याला खूण हवी आहे. खूण मिळाल्यावाचून तो मानणार नाही. मरियेला रीत समजून घ्यावयाची आहे. ती मानावयास तयार आहे, पण काय मानीत आहे हे तिला कळले पाहिजे. हा भेद सूक्ष्म असला तरी साऱ्या ख्रिस्ती आज्ञाविचाराचा तोल त्यावर आहे.

आपल्या भक्तिकाव्यात देवाशी भांडण नाही असे कोणी समजू नये. तुकोबा देवाला जेवढे खडसावतात तेवढे कोणत्याही ख्रिस्ती कवीने खडसावलेले नाही. फरक आहे तो भांडणाच्या विषयात. तुकोबांचे भांडण बहुधा भेटीसाठी आहे : तू येत का नाहीस? गेथशेमानेतील भांडण कार्यासाठी आहे : हे मलाच का करावयाचे? पहिल्याचा शेवट भेटीने होतो. दुसऱ्याचा शेवट उठून चालू लागण्याने होतो.

टिळकांकडे आता ह्या दृष्टीने पाहता येईल. 1893 मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या अभंगांतील शरणता अस्सल आहे. ओठांवर आलेले शब्द पोटातून आलेले आहेत. पण कवी टिळकांपेक्षा मनुष्य टिळक ह्या विषयात अधिक बोलका वाटतो. 1917 मध्ये मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास गेले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंसाठी त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. त्या वेळी ते पंचावन्नच्या पुढे होते, आणि पुढे दोनच वर्षांनी, 9 मे 1919 रोजी मुंबईत ते वारले. ज्या संस्थेने त्यांना आश्रय दिला तिचा आश्रय ईश्वराचे ऐकण्यासाठी त्यांनी सोडला. त्यांच्या काव्यात शरण आहे. ऐकणे त्यांच्या चरित्रात आहे. दोन्ही एकत्र आणणारी कृती त्यांच्या हातून लिहून झाली नाही असे माझे मत आहे. ती त्यांच्या पत्नीकडून झाली.

तत्पूर्वी पंडिता रमाबाईंचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेचच सिस्टर जेराल्डीन ह्या त्यांच्या धर्ममातेशी त्यांचा जो पत्रव्यवहार सुरू झाला, तो ए. बी. शहा ह्यांनी संपादित केलेल्या 1977 च्या ग्रंथात वाचावयास मिळतो. जेराल्डीनबाईंना रमाबाईंचा स्वभाव गर्विष्ठ वाटे. चर्चने ठरवले ते मानावे, असा त्यांचा आग्रह. रमाबाईंचे म्हणणे असे की, भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून आपण मोठ्या कष्टाने सुटलो, आता दुसरे तसलेच जोखड मानेवर घेण्याची आपली इच्छा नाही. हा उद्धटपणा नव्हता. ईश्वराला शरण गेलेली ती स्त्री पुढे केडगावी हजारो निराधार स्त्रियांसाठी राबली, आणि आयुष्याच्या अखेरीस संपूर्ण बायबलाचे भाषांतर तिने एकटीने पुरे केले. ते करताना अल्पशिक्षित बायांना समजेल अशी सोपी मराठी वापरण्याचा तिचा कटाक्ष होता. मात्र रमाबाईंचा हा विचार पत्रांत आणि कार्यात राहिला. त्याला कलाकृतीचे रूप आले नाही. शिवाय ती पत्रे इंग्रजीत आहेत, म्हणून आपल्या विषयाच्या परिघावरच त्यांची जागा.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 ह्या काळात भागशः प्रसिद्ध झाली. विनोद, निर्मळ भाषा, प्रांजळपणा ह्या गुणांची स्तुती होऊन होऊन ती आता गुळगुळीत झाली आहे. ह्या स्तुतीत ग्रंथाचा विषय काय हे मात्र क्वचितच विचारले जाते. बहुतेकांच्या मते तो टिळकांचे चरित्र आहे. काहींच्या मते एका संसाराची हकीकत. माझ्या वाचनाप्रमाणे तो एका स्त्रीने आयुष्यभर कोणाकोणाचे ऐकले आणि कोणाचे ऐकले नाही ह्याचा इतिहास आहे.

पहिली आज्ञा वडिलांची. नानांना सोवळ्याओवळ्याचे वेड होते. सारे घर त्या वेडाभोवती फिरे आणि मुले त्याखाली भरडून निघत. लक्ष्मीबाई ते सांगतात तेव्हा वाचक पोट धरून हसतो, पण हसणे ओसरल्यावर ध्यानात येते की, कारण न विचारता पाळावयाचा नियम म्हणजे काय, ह्याचे हे पहिले चित्र आहे. त्या नियमाला देवाचे नाव होते. त्यात देव किती होता हा प्रश्न मुलीला तेव्हा विचारता येत नव्हता. लेखिका तो चाळीस-पन्नास वर्षांनंतर, एकही टीकेचे वाक्य न लिहिता, नुसत्या वर्णनाने विचारते.

दुसरी आज्ञा पतीची. लग्नाच्या वेळी लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या. टिळक मनस्वी, उदार, लहरी. न सांगता निघून जाणे, घरातले देऊन टाकणे, एका क्षणी घेतलेला संकल्प सगळ्या संसारावर टाकणे हे त्यांचे नित्याचे. ह्या सर्वांत पत्नी त्यांच्या मागोमाग जाते. हिंदू स्त्रीच्या धर्मात पती हाच देव, म्हणून पतीची इच्छा हीच ईश्वरेच्छा. मग 1895 येते आणि ही सांगड तुटते. पतीने ख्रिस्ती व्हावे आणि पत्नीने मागोमाग जावे हे पातिव्रत्याच्या व्याख्येत बसते की बसत नाही? शास्त्राप्रमाणे पती ऐकावयाचा की धर्म? लक्ष्मीबाईंनी हा पेच तात्त्विक भाषेत मांडलेला नाही. त्यांनी तो जगून दाखवला : त्या गेल्या नाहीत. सुमारे चार-पाच वर्षे त्या विभक्त राहिल्या, त्यांतील काही काळ पंढरपुरात. सेतूची गोष्ट निघाली म्हणून हेही नोंदवावे की, टिळक सेतूवरून पलीकडे गेले तेव्हा त्यांची पत्नी त्या सेतूच्या अलीकडच्या टोकाशी, प्रत्यक्ष विठोबाच्या गावात बसून होती, आणि तेथे तिला विसावा मिळत नव्हता.

पुढे त्या टिळकांकडे परतल्या. पण परतणे म्हणजे धर्मान्तर नव्हते. त्यांचे सोवळे, त्यांची चूल वेगळी होती. वाङ्मयीन दृष्ट्या हा ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग होय. पतीवरील प्रेम पुरते परत आलेले आहे आणि पतीच्या देवाला मात्र अद्याप होकार नाही. दुबळ्या लेखकाने हे दोन्ही एकाच अश्रूत विरघळवले असते. लक्ष्मीबाई त्यांना महिनोन्महिने शेजारी शेजारी नांदू देतात. त्यांची पहिली खरी हालचाल होते ती जातीच्या प्रश्नावर. माणसांतील जाती देवाने केल्या नाहीत, त्या माणसांनी केल्या, असा निर्णय त्यांच्या मनात एकाएकी होतो, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे असे त्या ठरवतात. हा उजेड त्यांना चर्चमध्ये पडलेला नाही, पतीच्या युक्तिवादानेही नाही. वडिलांच्या सोवळ्याने ज्या आयुष्याचा आरंभ झाला त्याचे हे उत्तर आहे, आणि ते उत्तर कृतीत आहे. ऐकणे म्हणजे काय ते येथे कळते : आधी बाई ऐकते, मग पाणी पिते, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. ईश्वरेच्छेची ओळख पटली हे तिने स्वतः ठरवले. तिच्या वतीने ते कोणी ठरवले नाही.

ह्या ग्रंथाच्या इंग्रजी रूपांतरांची नावे ह्या संदर्भात उद्बोधक आहेत. जोझेफिन इंक्स्टर ह्यांचे भाषांतर 1950 मध्ये 'आय फॉलो आफ्टर' ह्या नावाने निघाले. हे शब्द संत पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातले. तेथे पौल ख्रिस्ताच्या मागे धावतो आहे. पण मुखपृष्ठावर ते नाव आणि आत एका मिशनरी कवीची पत्नी, असे पाहणारा वाचक ती पतीच्या मागे चालली आहे असेच समजणार. शान्ता गोखले ह्यांच्या 2017 च्या भाषांतराने मूळ मराठी नाव कायम ठेवले, पण उपशीर्षकात तिला 'तडफदार पत्नी' म्हटले. एकात ती अनुयायी, दुसऱ्यात पत्नी. मूळ नावात ती कोणाचीच कोणी नाही. ती आठवणारी आहे. भाषांतरकारांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. दोन्ही भाषांतरे परिश्रमाची आहेत. पण ईश्वराच्या मागे जाणे आणि नवऱ्याच्या मागे जाणे ह्यांत घोळ होतो तो केवळ सामान्य वाचकाच्याच मनात नव्हे, हे ह्यावरून दिसून येते.

आणि हा घोळ निरुपद्रवी नाही. ईश्वरेच्छेला शरण जा असा उपदेश दुःखिताला, विशेषतः घरात गांजलेल्या स्त्रीला, आजही केला जातो. ख्रिस्ती घरात केला जातो, हिंदू घरातही. त्यात उपदेश करणाऱ्याची सोय किती आणि ईश्वराची इच्छा किती हे विचारले जात नाही. 'स्मृतिचित्रे'तील लक्ष्मीबाई हे विचारतात, आणि विशेष म्हणजे टिळकांविषयी एक कडवट शब्द न काढता विचारतात. त्या त्यांना सर्वत्र 'टिळक' म्हणतात. ज्या काळी पतीचे नाव घेणे बायांना वर्ज्य होते त्या काळात वाढलेल्या स्त्रीने छापील पानावर हे नाव अशा सहजतेने वापरावे, ह्यात मोकळेपणा आहे आणि एक अंतरही आहे. पती हा पती आहे, टिळक आहे; देव नव्हे. त्याची थोरवी तिला मान्य आहे आणि त्याचा वेडेपणाही. त्याने ईश्वरेच्छा म्हणून केलेल्या काही गोष्टी खरोखरच ईश्वरेच्छा होत्या असे तिला पुढे पटले, काही पटल्या नसाव्यात. दोन्ही तिने सारख्याच हसतमुखाने नोंदवून ठेवल्या. असा हिशेब ठेवणारी नजर आपल्या भक्तिवाङ्मयात दुर्मिळ आहे. ख्रिस्ती चरित्रवाङ्मयात तर ती जवळजवळ नाहीच, कारण तेथे साक्ष देणाऱ्याला शेवट आधी ठाऊक असतो आणि तो सगळ्या घटना त्या शेवटाकडे हाकत नेतो. लक्ष्मीबाई घटना हाकत नाहीत. जे तेव्हा कळले नव्हते ते तेव्हा कळले नव्हते असेच त्या लिहितात.

ग्रंथाच्या मर्यादा सांगावयाच्या तर बाप्तिस्म्यानंतरच्या भागात ती धार काहीशी बोथट होते. प्रसंग रंजक आहेत, माणसे जिवंत आहेत. परंतु मिशनच्या अधिकाराविषयी, वेतनाविषयी, परदेशी वरिष्ठांविषयी टिळकांना जी अस्वस्थता होती तिच्या मुळाशी लेखिका फारशी जात नाही. 1917 च्या त्यागाकडे ती पाहते ते गृहिणीच्या बाजूने : पुढे खावयाचे काय? हा प्रश्न खरा आहे, आणि तो विचारण्याचा तिला पुरेपूर अधिकार आहे. पण ज्या बुद्धीने तिने पातिव्रत्य आणि ईश्वरेच्छा ह्यांची सांगड सोडवली, त्या बुद्धीने संस्था आणि ईश्वरेच्छा ह्यांचीही सोडवणूक केली असती तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही. रमाबाईंची पत्रे आणि हा भाग एकत्र वाचले पाहिजेत. एकीने जे सांगितले नाही ते दुसरीने सांगितलेले आहे.

राहता राहिले 'ख्रिस्तायन'. टिळकांनी 1909 मध्ये आरंभ केलेले हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र सुमारे दहा-अकरा अध्यायांवर थांबले. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, आणि ते 1938 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. ह्याकडे पतिव्रतेने पतीचे अपुरे कार्य पुरे केले ह्याच नजरेने पाहण्याची प्रथा आहे. आकडे तरी निराळे सांगतात. ज्या काव्याचा एवढा मोठा भाग एका कवयित्रीचा आहे त्याला पूर्ती म्हणावयाचे की मूळ रचना? शिवाय टिळकांची लेखणी थांबली ती ख्रिस्तकथेच्या पूर्वार्धातच. दुःखभोग आणि मरण पुढेच राहिले होते. स्टीफन्सने गेथशेमानेचा प्रसंग जेझुइट शिस्तीतून पाहिला, वाझने साष्टीच्या बोलीत आणला. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला तो आला तेव्हा त्यांनी स्वतः प्याला टळावा म्हणून चार-पाच वर्षे घालवलेली होती. त्या अध्यायांचा अभ्यास आपल्याकडे अजून नीट झालेला नाही. तो करणाऱ्याने प्रथम टिळकांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या अध्यायांतील क्रियापदे शेजारी शेजारी मांडून पाहावीत, आणि 'शरण' कोठे येते व 'ऐकणे' कोठे, हे मोजावे.